दहापैकी बारा

क्रमांक सतरा. स्त्री. वय अंदाजे बावन्न. विवाहित. शिक्षण : निरक्षर. व्यवसाय : गृहिणी. मुक्काम मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक. तक्रार : छातीच्या उजव्या बाजूस नागीण होऊन गेल्यानंतर मागे राहिलेली वेदना, कालावधी पाच वर्षे. मनःस्थिती : सहकार्यशील, किंचित चुळबुळ. उदासीनता : नाही. प्रयोगाची माहिती रुग्णास मराठीतून समजावून देण्यात आली व ती समजल्याचे रुग्णाने सांगितले.

गंगापूर रोडवरच्या एका खाजगी रुग्णालयात २००८च्या जानेवारीत हा मजकूर भरला गेला. त्यातलं गाव बरोबर आहे. वयही बरोबर आहे, कारण ‘अंदाजे’ लिहिल्यावर वयाला चुकायची सोयच उरत नाही. बाकीच्याबद्दल थोडं बोलावं लागेल.

व्यवसायाचं असं झालं की फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं, “घरीच असता का?” साळूबाई म्हणाल्या, “सध्या घरीच.” ‘सध्या’साठी फॉर्ममध्ये चौकट नव्हती, तेव्हा गृहिणी. वास्तविक साळूबाई रंगनाथ विधाते लग्न होऊन मखमलाबादला आल्या त्या महिन्यापासून बाजारात भाजी विकत होत्या. मळा सासऱ्यांचा, भाजी मळ्यातली आणि तोंड साळूबाईंचं. यातलं तिसरं भांडवल सर्वांत मोठं, असं सासरे हयात असेपर्यंत म्हणत.

शिक्षणाचंही तसंच. नव्वदच्या दशकात गावात साक्षरता अभियान आलं, तेव्हा शाळेच्या पडवीत दीड महिना बसून त्या सही शिकल्या होत्या. नावातला ‘ळ’ त्यांना फार आवडे. “कसा पाय मुडपून बसलाय बघ,” म्हणत. पण रुग्णालयातल्या माणसानं साडीकडे पाहून आधीच ‘निरक्षर’ लिहून टाकलं होतं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला होता.

“सही येती मला.”

“असू द्या हो मावशी. फॉर्मवर अंगठा लिहिलाय. सही केली तर नवीन फॉर्म भरावा लागेल.”

साळूबाईंनी अंगठा दिला. सहकार्यशील हा शेरा बहुधा त्यावरून पडला असावा.

नाशिकचा आठवडे बाजार बुधवारी भरतो, गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथं साळूबाईंची दोन पोत्यांची जागा होती. म्हणजे दोन रिकामी पोती अंथरली की संपते एवढी. जागेचा कागद कुणाकडेच नसतो. जो दर बुधवारी बसतो त्याची जागा, एवढाच कायदा. तीस वर्षांत साळूबाईंचे बुधवार चुकले ते महेशच्या जन्माचे तीन आणि सासऱ्यांच्या दहाव्याचा एक.

२००३ साली सिंहस्थाचे साधू गेले आणि नागीण आली. उजव्या स्तनाखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. नागिणीच्या डोक्याला शेपूट टेकलं की माणूस जातं, अशी समजूत असल्यानं अख्खं घर पंधरा दिवस तो पट्टा मोजत होतं. टेकलं नाही. पेठ रस्त्याच्या एका गृहस्थानं मंत्र घातला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फोड वाळले, खपल्या पडल्या आणि दोघांनीही श्रेय घेतलं. दुखणं मात्र राहिलं. साळूबाई म्हणत, “नागीण गेली, कात इथंच टाकून गेली.”

हे दुखणं दिसत नाही, हा त्याचा मोठा दोष. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. इथं कातडी स्वच्छ, आणि पोलक्याचं कापड नुसतं घासलं तरी तवा टेकल्यासारखं होई. घरात त्या रंगनाथरावांचा जुना ढगळ सदरा घालून फिरायच्या. फिरायच्या हेच खरं, कारण बसवत नसे. पाटावर टेकल्या की उठल्या, ओट्यापाशी गेल्या, घासलेली भांडी पुन्हा घासली, बांधापर्यंत जाऊन आल्या, परत टेकल्या. झोप यायची ती गोळीनं, आणि गोळीची झोप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरत नसे. बोलणं तिरकं झालं. सून रूपालीनं भाजीत मीठ बरोबर घातलं तरी त्या म्हणायच्या, “आज बरं बरोबर पडलं.”

जागेवर आता रूपाली बसत होती. रूपाली बारावी झालेली, स्वभावानं गरीब. तिनं पुठ्ठ्यावर भाव लिहून पोत्यापुढे ठेवला, आणि साळूबाईंना नागिणीपेक्षा ते जास्त झोंबलं. लिहिलेल्या भावाला गिऱ्हाईक काय म्हणणार? काहीच म्हणत नाही. घेतं किंवा जातं. बोलणंच होत नाही. शेजारच्या जागेवर भागीबाई बसायच्या, सय्यद पिंप्रीच्या. त्यांचं पोतं दर वर्षाला चार बोटं सरकत होतं. रूपालीनं पहिल्या वर्षी “मावशी, जरा...” म्हणून पाहिलं, मग तेही सोडलं. पाच वर्षांत दोन पोत्यांचं दीड पोतं झालं.

आणि आता रूपालीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी सिन्नरला. सातव्यात, फेब्रुवारीत ती जाणार. भागीबाईंनी मायेनं विचारूनही ठेवलं होतं, “तू गेल्यावर जागा पडूनच राह्यची ना गं? मी बघंन तेवढी.”

हे ऐकल्यावर साळूबाई त्या दिवशी बांधापर्यंत सात वेळा जाऊन आल्या.

दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहून दिली. गंगापूर रोडला डॉ. हर्षल कासार म्हणून तरुण मेंदूतज्ज्ञ परदेशात दोन वर्षं शिकून आले होते आणि येताना एका यंत्राची कल्पना घेऊन आले होते. यंत्र मागून आलं. डोक्याच्या वरून चुंबकाचं कडं धरायचं, त्यातून झटके सोडायचे आणि मेंदूच्या एका ठिकाणाला डिवचायचं. कापाकापी नाही, भूल नाही. असं रोज वीस मिनिटं, दहा दिवस डिवचलं की जुनाट दुखणं आणि त्याच्या सोबतीनं येणारी मनाची मरगळ कमी होते का, हे पाहायचं होतं. त्यासाठी चाळीस रुग्ण हवे होते. निम्म्यांना खरे झटके, निम्म्यांना नुसता तसा आवाज.

“म्हंजे मला कोणचं?” साळूबाईंनी विचारलं.

“ते चिठ्ठी काढून ठरतं. लिफाफ्यात बंद असतं. मलाही माहीत नसतं.”

“दुकानदारालाच ठावं नाय माल कोणता!” त्या रंगनाथरावांकडे वळल्या. “आवं, ऐकलं का?”

रंगनाथराव “हं” म्हणाले. ते साधारण वर्षाला इतकंच बोलत. एम-एटीवर मागं बसवून रोज आणायचं-न्यायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण महेश ओझरच्या कारखान्यात आणि त्याची सकाळची बस चुकवून चालत नसे.

पहिल्या दिवशी कानातल्या बुगड्या काढण्यावरून वीस मिनिटं गेली.

“सोनं कधी चुंबकाला चिकटलंय का, डाक्टर?”

“चिकटत नाही, पण तापू शकतं.”

“तापू द्या. तेवढाच शेक.”

शेवटी साबण लावून बुगड्या निघाल्या. त्या रंगनाथरावांच्या खिशात गेल्या, आणि पुढचे दहा दिवस रंगनाथराव वीस वीस मिनिटं खिशावर हात ठेवून बसले. बघणाऱ्याला वाटावं की छातीचं दुखणं यांनाच आहे.

मग डॉक्टरांनी आठाच्या आकड्यासारखं ते कडं डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवून एक झटका सोडला. टक्. साळूबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा उडाला. जागा सापडली का, हे असंच बघतात; हे सगळ्यांनाच करतात, खरं-खोटं त्यानंतर.

“मी नाय हलवला!” साळूबाई दचकून म्हणाल्या.

“मी हलवला,” डॉ. हर्षल हसले. “घाबरू नका आजी.”

“आजी कुणाला म्हंतो रे? अजून व्हायचीये. चैतात.”

पॅडची निळी शाई अजून त्या अंगठ्याला होती. मग त्यांना खुर्चीत टेकवून टक् टक् टक् सुरू झालं. सुतारपक्ष्यासारखं : दहा सेकंद ठोकायचं, मग जरा थांबायचं, परत ठोकायचं.

गावात अर्थातच ‘शॉक’ अशी बातमी पोचली. शॉक वेड्यांना देतात, हे सगळ्यांना माहीत. बुधवारी भागीबाईंनी रूपालीला कळवळून विचारलं, “सासूला शॉक देत्यात म्हणं? अरारा. आता कशाची बसती ती बाजारात!” आणि पोतं एक बोट पुढे ओढलं.

रोजचा फॉर्म भरायला प्रतिभा होती. देवळ्याच्या कांदा पिकवणाऱ्या घरातली मुलगी, मानसशास्त्रात एम. ए. झालेली. तिचं पहिलं काम दुखण्याला आकडा लावणं.

“मावशी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याच्यापुढे दुखूच शकत नाही. तुमचं दहापैकी किती?”

“बारा.”

“दहाच्या आत सांगायचं.”

“दहाच्या आत?” साळूबाईंनी उठायचा आविर्भाव केला. “नाय जमत. बरं, तू पोरीसारखी म्हणून साडेनऊ.”

“अर्धा नसतो.”

“मग नऊ. याच्या खाली एक नाय.”

फॉर्मवर नऊ पडले. दुसऱ्या दिवशी प्रतिभानं परत विचारलं. साळूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं कालच ठरलेला भाव आज परत विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात. “सांगितलं ना काल. नऊ.”

दुसरं काम मनाचं. एकवीस प्रश्नांची प्रश्नावली, इंग्रजीवरून मराठीत आणलेली.

“गेल्या आठवड्यात उदास वाटलं का?”

“उदास? उदास माणूस एका जागी बसून ऱ्हातं. मला बसवतच नाय.”

“मग कसं वाटतं?”

“करमत नाय.”

प्रतिभाची पेन्सिल थांबली. नाशिकला कॉलेजला आल्यावर पहिलं वर्षभर होस्टेलच्या खोलीत तिला करमलं नव्हतं. ते काय असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं : खाणं समोर असतं, खावंसं वाटत नाही, माणसं समोर असतात, नकोशी होतात, खोलीत बसवत नाही आणि बाहेर कुठं जावं ते कळत नाही. तिनं उदासीनतेपुढं ‘नाही’ लिहिलं, शेजारी पेन्सिलीनं ‘करमत नाही’ लिहिलं आणि डॉक्टरांना दाखवलं.

“पण ‘करमत नाही’ हे प्रश्नावलीत नाहीये,” डॉ. हर्षल म्हणाले. ते वाईट मनुष्य नव्हते. “आपण शब्द बदलले तर इतर देशांच्या आकड्यांशी तुलना कशी होणार?”

इतर देशांत करमत असावं. प्रतिभानं पेन्सिलीचं खोडलं.

चौथ्या दिवशी तिला साळूबाईंच्या हाताला मेथीचा वास आला.

“आज काय, भाजी निवडून आलात?”

“निवडती कशाला! पहाटं जुड्या बांधल्या. ह्यांनी ढीग आणून टाकला व्हता, मला करमत नव्हतं. बांधल्या पाच-सहा.”

“आधी किती बांधायच्या?”

“आधी म्हंजे, नागिणीच्या आधी? शंभर. नागिणीनंतर दोन. दोन झाल्या की इथं आग.” त्यांनी बरगडीकडे बोट दाखवलं. जुडी बांधताना उजवा हात पुढे जातो, काडी वळते, अंगठा दाबतो, आणि पोलकं नेमकं तिथंच घासतं.

“आणि दुखणं दहापैकी?”

“नऊ.”

प्रतिभा कांद्याच्या लिलावात बापाच्या मागं उभी राहून वाढलेली. ट्रॅक्टरमधला माल पहिल्या प्रतीचा असला तरी बाप चेहरा पडलेला ठेवायचा, हे तिनं पाहिलं होतं. तिला या नऊचा संशय आला. तिनं समासात बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. पाचवा दिवस, नऊ, जुड्या अकरा. सहावा दिवस, नऊ. जुड्या अकरा, बांधाला तीन फेऱ्या, आधी सात होत्या. सातवा दिवस, नऊ, जुड्या एकोणीस. आठव्या दिवशी साळूबाई खुर्चीत बसताच म्हणाल्या, “काल गोळी घ्यायचीच ऱ्हायली,” आणि वर म्हणाल्या, “पण नऊच लिही.”

नवव्या दिवशी जुड्या आठ. आग परत उठली होती. साळूबाई त्या दिवशी यंत्रावर, डॉक्टरांवर, एम-एटीवर आणि प्रतिभाच्या ओढणीवर नाराज होत्या. वीस मिनिटांत चार वेळा डोकं हलवलं म्हणून यंत्र चार वेळा परत लावावं लागलं. “नुसता आवाजच दिसतोय माझ्या लिफाफ्यात,” त्या म्हणाल्या. “रूपाली रविवारी जाती सिन्नरला. पुढच्या बुधवारी जागेवर कोण बसंल? तुमचा सुतारपक्षी?”

दहाव्या दिवशी जुड्या एकतीस.

त्या दिवशीचा आकडा महत्त्वाचा होता. नऊचा सहा झाला तर गुण आला असं धरणार, सात झाला तर नाही. तसा नियमच होता. डॉ. हर्षल स्वतः येऊन उभे राहिले. चाळिसातल्या बऱ्याच जणांचे आकडे जागचे हलले नव्हते आणि त्यांचाही चेहरा लिलावात उभ्या राहिलेल्या माणसासारखा झाला होता.

“मावशी, आज शेवटचं,” प्रतिभा म्हणाली. “दहापैकी?”

साळूबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, विचार केला, आणि मोठ्या मनानं म्हणाल्या, “आठ.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि गेले. प्रतिभा बुगड्या घालायला मदत करायच्या निमित्तानं थांबली.

“मावशी, एकतीस जुड्या बांधल्या, गोळी सुटली आणि आठ? खरं सांगा ना.”

“खरं?” साळूबाई हसल्या. पाच वर्षांत त्या बहुधा पहिल्यांदाच कुणाला तरी धंद्यातलं सांगत होत्या. “अगं, खरं म्हंजे खरेदी. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला सांगत्यात का? उद्या मी सांगितलं पाच, आन् परवा परत उठलं नऊ, तर तुझा डाक्टर काय म्हणंल? म्हणंल, पाचाला तूच तयार झाली व्हती.”

“पण आठवर तुमचं नाव ‘गुण नाही’मध्ये जाणार.”

“जाऊ दे की. गुण मला पायजे, नावाला काय करायचा?”

रूपाली रविवारी सिन्नरला गेली. बुधवारी सकाळी रंगनाथरावांनी एम-एटीला दोन्ही बाजूंनी मेथी लटकवली आणि मागे साळूबाई बसल्या, सदऱ्यावर साडी नेसून. पोलकं अजून सोसत नव्हतं. गंगेवर भागीबाईंचं पोतं दोन्ही जागांवर ऐसपैस पसरलेलं होतं, मधोमध कोथिंबीर.

साळूबाईंनी कोथिंबिरीपुढं आपलं पोतं टाकलं.

भागीबाई वर बघून म्हणाल्या, “अगं बया! साळू! शॉक देत्यात ना तुला?”

“देत्यात की. हात लावून बघ, तुलाबी बसंल.”

भागीबाईंनी पोतं ओढून घेतलं. विजेला भिण्याचं काही वय नसतं. चार बोटं राहिली होती, ती साळूबाईंनी पायानं सरकवली. पुढं पुठ्ठा नव्हता. साडेनऊला एक बाई जुडी हातात घेऊन म्हणाली, “काय गं, एवढा भाव?” आणि साळूबाईंनी जी सुरुवात केली, ती रंगनाथरावांना दूध डेअरीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. अकरा वाजता आग उठली. त्या उठून उभ्या राहिल्या, दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं केली, उभ्यानंच विकलं, परत बसल्या. अर्ध्या दिवसानं घरी आल्या. पुढच्या बुधवारी घरी यायला जरा उशीर झाला.

दुखणं गेलं नव्हतं. असलं दुखणं कधीकधी आपोआपही ओसरतं, असं पुस्तकात आहे. तेव्हा कशाचा कितपत हात होता हे एका साळूबाईवरून कुणी सांगू नये. आठ महिन्यांनी लिफाफे फोडले, तेव्हा सतरा क्रमांकाच्या लिफाफ्यात ‘खरे झटके’ निघाले. पण तोवर सतरा क्रमांक ‘गुण नाही’मध्ये बसून झाला होता, आणि अहवालाचा निष्कर्ष होता : अधिक संशोधनाची गरज आहे.

त्या अहवालाला एक तक्ता जोडला आहे. महिनाभरानं सगळ्यांनी परत तपासणीला यायचं होतं. साळूबाईंना तारीख मिळाली पाच मार्च, सकाळी दहा. प्रतिभानं तारीख बदलून मागितली. यंत्राची खोली त्याच वारी मोकळी असते असं उत्तर आलं. पाच तारखेला तिनं साडेबारापर्यंत वाट पाहिली आणि कारणाच्या रकान्यात ‘बाजार’ लिहिलं. संगणकाला चारच कारणं माहीत होती : मृत्यू, स्थलांतर, नकार, अज्ञात. तेव्हा छापील तक्त्यात असं आहे : क्रमांक सतरा. पाठपुराव्यास अनुपस्थित. कारण : अज्ञात.

त्या दिवशी बुधवार होता, दुसऱ्या दिवशी शिवरात्र, आणि साळूबाईंची रताळी साडेअकरालाच संपली.